गाडीत बूट घालून बसू नये

लांब पल्ल्याच्या चालण्यात सगळ्यात जास्त कोण दमतं, असं विचारलं तर लोक चालणाऱ्यांकडे बोट दाखवतात. लोकांना माहिती अपुरी असते. त्या दिवशी आमच्या घरातून चालायला एकच व्यक्ती गेली होती, माझी बायको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच उठून चहा केला. मी सपोर्ट क्रूचा प्रमुख होतो. मला पलंगावरून पाय खाली सोडता येत नव्हते.

सपोर्ट क्रू म्हणजे चालणाऱ्यांच्या पुढे गाडीने जाऊन प्रत्येक थांब्यावर खाणं, पाणी, कोरडे मोजे आणि धीर घेऊन उभं राहणारी मंडळी. ही काही शर्यत नसते. चौघांच्या संघाने उजाडताना निघायचं, टेकड्या आणि ओढे ओलांडत पन्नास किलोमीटर चालायचं आणि सूर्य मावळायच्या आत शेवटच्या कमानीखालून जायचं. पहिला-दुसरा नंबर नाही. अट एकच: चौघांनी एकत्र पोचायचं. एक जण गळाला, तर बाकीचे तिघं नुसते फिरायला आले होते असं धरतात.

बायको शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या संघात चित्रकलेच्या बाई, ग्रंथपाल आणि खुद्द मुख्याध्यापिका. मागच्या वर्षी हा संघ तिसऱ्या थांब्यावर बसला तो बसलाच, कारण तिथे त्यांचा सपोर्ट क्रू नव्हता. सपोर्ट क्रू म्हणजे माझा मेहुणा. तो पुढच्या थांब्यावर दुसऱ्याच एका संघाच्या लोकांबरोबर चहा पीत, त्यांच्या मुलीसाठी स्थळं सुचवत बसला होता. तो औषधांच्या कंपनीत विक्री प्रतिनिधी आहे. अनोळखी माणूस दिसला की त्याला तहान लागल्यासारखं होतं.

या वर्षी प्रश्न अधिक गंभीर होता. मुख्याध्यापिका पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होत्या. त्यांच्या पायांना फोड फार लवकर येतात आणि पाय ओले राहिले तर त्याहून लवकर. आता नाही तर कधीच नाही, असं त्यांनी शिक्षककक्षात सांगितलं होतं, आणि त्या जे शिक्षककक्षात सांगतात ते सहसा होतं.

"या वेळी क्रूची जबाबदारी मी घेतो," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. रोज ठरल्या वेळी पान छपाईला सोडतो. आजवर एकदाही अंक उशिरा निघालेला नाही."

"अंकाच्या पायाला फोड येत नाहीत," ती म्हणाली. पण दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून ती हो म्हणाली. वर एक अट घातली: "माझा भाऊ पण येईल. तुमच्या नजरेखाली. मागच्या वर्षीचं त्याला फार लागलंय."

ही बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले येऊ लागले. तळमजल्यावरच्यांनी सांगितलं, पायांना पेट्रोलियम जेली लावा. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, जेली अजिबात नको, पावडर. दोघं जिन्यात भेटले आणि त्यांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं, ते अजून बंद आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटने सल्ला दिला नाही, नुसतं विचारलं, "मॅडमचं वय किती म्हणालात?" एका आजोबांनी तरुणपणी आपण अनवाणी किती चाललो हे सांगितलं. ते अंतर दर वेळी वाढत गेलं.

मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही. ही माझी कामाची जुनी पद्धत आहे.

खरी अडचण गाडीची होती. माझी गाडी लहान, आणि चढावर तिला विश्रांती लागते. चार जणींचं सामान, खाणं, पाण्याचे कॅन, घडीच्या खुर्च्या म्हटल्यावर मोठी गाडी हवी. तशी गाडी आमच्या इमारतीच्या चेअरमनकडे होती. नवीन, प्रशस्त, आत सायीच्या रंगाच्या गाद्या. मी मागायला गेलो तेव्हा ते तिच्या आरशाला मऊ फडक्याने पुसत होते.

"न्या की, संपादक," ते म्हणाले. मी उपसंपादक आहे हे मी त्यांना कित्येकदा सांगितलंय. आता सांगत नाही.

मी खूश होऊन आयोजकांच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की गाडीचा पास मालकाच्या नावाने निघतो आणि मालक गाडीत असावा लागतो.

"मालक कशाला? गाडी तीच असेल."

"गाडी हरवली तर?"

"तर मालक हरवायला नकोत ना बरोबर?"

बाईंनी नियमपुस्तिकेचं पान उलटलं आणि क्रूच्या प्रत्येकाचा डॉक्टरी दाखला मागितला. चालणाऱ्यांना दाखला लागत नव्हता. मला यात विसंगती दिसली आणि मी ती सौम्यपणे दाखवून दिली.

"चालणारे स्वतःच्या जबाबदारीवर चालतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही आमच्या जबाबदारीवर बसता."

अशा रीतीने मी बसण्यास सक्षम आहे असा दाखला आमच्या डॉक्टरांकडून घेतला. त्यांनी तो लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं.

चेअरमन येणार हे ठरलं. खिडकीतल्या बाईंचा आणखी एक नियम निघाला, क्रूमध्ये चार माणसं हवीतच. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी येते. बसायचंच तर आहे." त्यांच्याजवळ स्वतःची घडीची खुर्ची होती. डॉक्टरांनी त्यांना दाखला बिनतक्रार दिला.

पहाटे निघताना चेअरमननी गाडीचे दरवाजे उघडले आणि एक घोषणा केली. "माझ्या गाडीत पादत्राणं घालून कुणी बसत नाही. मीसुद्धा नाही. बूट काढायचे, या ट्रेमध्ये ठेवायचे, ट्रे डिकीत."

एक मोठा रबरी ट्रे होता. डिकीत खाली वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. आमचंच. पान पाच, म्हणजे माझं पान, तोंड वर करून. छापून झाल्यावर पानाचं काय होतं यावर आपला ताबा नसतो.

मी बूट काढले. मेहुण्याने काढले. चालणाऱ्या चार जणींसाठी आणलेले कोऱ्या, कोरड्या बुटांचे चार जोडही ट्रेमध्ये गेले. ते अजून जमिनीला लागलेले नाहीत, असं मी म्हणालो, पण चेअरमन म्हणाले, "बूट म्हणजे बूट." ओढा ओलांडल्यावर पाय भिजणार, मग तिसऱ्या थांब्यावर कोरडे बूट घालायचे, अशी माझी योजना होती. माझ्या सगळ्या योजनेचा तो कणा होता.

सासूबाईंनी बूट काढले नाहीत.

"आजी, तेवढे बूट," चेअरमन म्हणाले.

"माझ्या बुटांना लेस आहे," सासूबाई म्हणाल्या, "आणि माझ्या कमरेला वय आहे. लेस सुटत नाही आणि कंबर वाकत नाही."

त्यांचे बूट जांभळे, कापडी, त्यावर पिवळी फुलं. लेकीने वाढदिवसाला घेतलेले. चेअरमन नियमाचे पक्के आणि सासूबाई बैठकीच्या पक्क्या. मी दोन्ही बाजू समतोलपणे मांडल्या, त्यामुळे दोघांनाही माझा राग आला. शेवटी चेअरमननी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या आणल्या आणि सासूबाईंच्या पायांवर बुटांसकट चढवून घोट्याशी बांधल्या. मागच्या सीटवर त्या अशा बसल्या होत्या, जणू त्यांचे पाय कुठेतरी पार्सल करायचे आहेत.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "या गाडीपेक्षा दवाखान्यात बरं. तिथे निदान आधी विचारतात."

पहिला थांबा निर्विघ्न पार पडला. आम्ही वेळेच्या आधी पोचलो. मी खुर्च्या मांडल्या, केळी सोलून ठेवली, उकडलेल्या बटाट्यांना मीठ लावून ठेवलं. चौघी आल्या, खाल्लं, गेल्या. मुख्याध्यापिकांनी जाताना सगळ्यांचे मोबाइल गोळा करून मेहुण्याच्या हातात दिले. "चालताना फोन नको. लक्ष विचलित होतं," त्या म्हणाल्या. ग्रंथपालबाईंनी आपला फोन वर्गात पकडल्या गेलेल्या मुलीसारखा दिला.

त्या गेल्यावर मेहुणा मात्र जागेवर राहिला नाही. शेजारी निळ्या टोप्या घातलेल्या एका क्रूशी त्याचं मैत्र जमलं होतं. मी पाहिलं तेव्हा तो त्यांना आपली केळी देत होता.

"आपण इथे ओळखी वाढवायला आलेलो नाही," मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

"भावोजी, त्यांची केळी गाडीत चेपली."

"हे त्यांच्या क्रूप्रमुखाने पाहायचं."

त्याने उरलेली केळी पिशवीत ठेवली. मला वाटलं, शिस्त त्याच्यात झिरपते आहे.

दुसऱ्या थांब्यावर चौघी आल्या त्या ओढ्यातून. गुडघ्यापर्यंत चिखल. पाय पुसून कोरडे मोजे दिले, पण बूट ओलेच होते. "पुढे अजून चिखल आहे, कोरडे पुढच्या थांब्यावर," मी मुख्याध्यापिकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या डाव्या बुटाचा तळ पुढून थोडा सुटल्यासारखा दिसत होता. "तोपर्यंत टिकेल," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर सामान भरताना पाण्याचे कॅन आत बसेनात, म्हणून डिकी रिकामी करून पुन्हा लावावी लागली. ट्रे बाहेर काढून गाडीच्या मागे सावलीत ठेवला. आम्ही तिघांनी बूट काढून त्यात ठेवले. चेअरमन एका ओरखड्यावर बोट फिरवत होते, तो ओरखडा सावली निघाला. मेहुणा निळ्या टोप्यांना टाटा करत होता. मी घड्याळ पाहिलं, आपण ठरलेल्या वेळेच्या पुढे आहोत हे बघून मला समाधान वाटलं आणि मी म्हणालो, "चला, चला, चला."

आणि आम्ही गेलो.

छापखान्यात एक अनुभव आहे. बारीक अक्षरातली चूक चार जणांना दिसते. मथळ्यातली कुणालाच नाही, कारण ती दुसऱ्याने पाहिली असेल असं प्रत्येकाला वाटतं. ट्रे आत ठेवायचं काम आमच्यात कुणाचंच नव्हतं, कारण ते सगळ्यांचं होतं.

तिसऱ्या थांब्यावर मी मोज्यांवर उतरलो, मागे गेलो, डिकी उघडली. पाण्याचे कॅन होते. बटाटे होते. पान पाच होतं, आणि त्यावर काहीही नव्हतं. माझा मथळा स्पष्ट वाचता येत होता.

मेहुणा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मग चेअरमन आले. आम्ही तिघं मोज्यांवर उभे राहून डिकीत पाहत होतो.

"ट्रे," चेअरमन म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"चांगला होता."

मी गाडी वळवायला सांगितली. रस्त्याच्या तोंडाशी पिवळं जाकीट घातलेला एक माणूस उभा होता. त्याने हात केला. "क्रूच्या गाड्या फक्त पुढे. मागे नाही. समोरून गाड्या येतात."

"आमचे बूट राहिलेत," मी खिडकीतून सांगितलं.

"कुणाचे?"

"सगळ्यांचे."

त्याने वाकून आत पाहिलं. तीन जोड मोजे आणि दोन पिशव्या. त्याला दया आली असावी, पण पिवळ्या जाकिटाला ती दाखवायची परवानगी नसावी. "पुढून फिरून या," तो म्हणाला. पुढून फिरून येईपर्यंत संध्याकाळ झाली असती.

मेहुणा म्हणाला, "भावोजी, पाच मिनिटं द्या. त्या निळ्या टोपीवाल्यांना मी जरा..."

"तुझी पाच मिनिटं मागच्या वर्षी पाहिली," मी म्हणालो.

हे मी थोडं तोडूनच बोललो. पण वेळ तशी होती. मुख्याध्यापिका ओल्या बुटांत चालत येत होत्या, आणि त्यांना मी शब्द दिला होता. गाडी मागे जाऊ शकत नव्हती. पायवाट जाऊ शकत होती. चालणारे ज्या वाटेने येत होते त्याच वाटेने उलट जायचं, ट्रे उचलायचा, आणायचा. प्रश्न फक्त पायांत काय घालायचं हा होता.

आम्ही तिघांनी एकदम सासूबाईंच्या पायांकडे पाहिलं.

"अजिबात नाही," सासूबाई म्हणाल्या. मग लेकीच्या संघाचा विचार करून म्हणाल्या, "सोडा. पण तुम्हीच सोडायचे. मी वाकणार नाही."

मी गुडघ्यांवर बसलो. आधी पिशव्यांच्या गाठी सोडवल्या, मग लेसच्या. दुहेरी गाठी होत्या. सासूबाई वरून सूचना देत होत्या. आजूबाजूच्या क्रूमधले लोक बघत होते.

बूट मला आले. थोडे घट्ट, पण आले. इतक्या वर्षांच्या नात्यात आमच्यात सापडलेलं हे पहिलं साम्य.

"लेस ओढू नका," त्या म्हणाल्या. "आणि चिखलात जाऊ नका."

उलट्या दिशेने चालणाऱ्या माणसाला जग फार प्रेमाने वागवतं, हे मला ठाऊक नव्हतं. समोरून येणारा प्रत्येक संघ थांबायचा. "काका, वाट तिकडे." "काका, थोडंच राहिलंय, हार मानू नका." एका बाईंनी माझ्या हातात मीठ लावलेली लिंबाची गोळी ठेवली आणि माझ्या बुटांकडे बघून पाठीवर थोपटलं. पहिल्या काही संघांना मी सगळं समजावून सांगितलं. नंतर नुसता "हो, हो" म्हणत राहिलो. खुलासा जितका लांब, तितका तो कमी खरा वाटतो.

अर्ध्या वाटेवर वैद्यकीय मदतीचा तंबू होता. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी मला लांबूनच हेरलं.

"बसा जरा, काका. कुठून आलात?"

"पुढून."

"आणि कुठे चाललात?"

"मागे."

"कशाला?"

"बूट आणायला."

डॉक्टरांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "मग हे?"

"हे सासूबाईंचे."

त्यांनी माझी नाडी धरली. आवाज फार मऊ केला. "काका, आज वार कोणता?"

आता इथे एक तांत्रिक बाब समजून घ्यायला हवी. वर्तमानपत्रात काम करणारा माणूस आज उद्याचा अंक काढतो. त्याच्या डोक्यात, पानावर, प्रत्येक बातमीवर उद्याचा वार असतो. पंचवीस वर्षं मी एक दिवस पुढे जगतो आहे.

"रविवार," मी म्हणालो.

शनिवार होता.

डॉक्टरांनी मागे वळून कुणाला तरी खूण केली. "म्हणजे उद्याचा," मी खुलासा केला. "मी उद्याचंच बघतो. आजचं काल झालं." हे वाक्य उच्चारताना मला ते पूर्ण बरोबर वाटलं होतं. त्यांनी मला स्ट्रेचरवर आडवं केलं, डोळ्यांत टॉर्च मारली आणि गळ्यात रुग्णाची लाल पट्टी घातली. उठायचा प्रयत्न केला, तर एका स्वयंसेविकेने माझा हात हातात घेतला आणि मला माझ्या लहानपणाबद्दल विचारू लागली.

मी तिला सांगत होतो की मला फक्त एक ट्रे आणायचा आहे, तेवढ्यात ओळखीचा आवाज आला.

"हे आईचे बूट आहेत."

तंबूच्या दारात बायको उभी होती. तिच्यामागे बाकीच्या तिघी. मुख्याध्यापिका चित्रकलेच्या बाईंच्या खांद्यावर हात टाकून, डावा पाय उचलून. बुटाचा तळ पुरता सुटला होता आणि चित्रकलेच्या बाईंच्या केसांच्या रिबिनीने बांधलेला होता.

बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्ट्रेचरकडे, मग लाल पट्टीकडे, मग पुन्हा बुटांकडे. विज्ञान शिकवणारी माणसं निरीक्षण पूर्ण झाल्याशिवाय बोलत नाहीत.

"काय झालं?"

मी सांगितलं. जेवढं झालं तेवढंच. ट्रे, सावली, चला-चला-चला.

"म्हणजे कोरडे बूट नाहीत," ती म्हणाली.

"मागे आहेत."

"आम्ही पुढे चाललोय."

मुख्याध्यापिका शेजारच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी ओला मोजा काढला. टाचेवर फोड आला होता, अंगठ्यावर दुसरा येऊ घातला होता. तिसरा थांबा अजून लांब होता, आणि त्यापुढे उरलेलं सगळं. त्यांनी पायाकडे पाहिलं, मग बाहेर वाटेकडे. मला मागच्या वर्षी तो संघ कसा बसला असेल हे दिसलं. असाच, वाटेकडे बघत.

मग त्यांची नजर जांभळ्या फुलांवर आली.

"उठा," त्या मला म्हणाल्या. "बूट काढा."

शाळा सोडून मला खूप वर्षं झाली, पण मी उठलो आणि बूट काढले. डॉक्टरांनी त्यांच्या टाचेला पट्टी लावली, वर कोरडा मोजा. बूट त्यांना असे आले, जसे मोजूनच घेतले होते. त्या उभ्या राहिल्या, दोन पावलं टाकली.

"बरे आहेत," त्या म्हणाल्या. "चला."

"पण यांना मला सोडता येणार नाही," डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "यांना वार सांगता येत नाहीये."

"ते माझ्याबरोबर येतील," मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि विषय संपला.

अशा प्रकारे सपोर्ट क्रूचा प्रमुख, लाल पट्टी गळ्यात, मोज्यांवर, ज्या संघाला आधार द्यायचा होता त्या संघाच्या मधोमध चालत तिसऱ्या थांब्याकडे निघाला. खडे टोचू लागले तेव्हा ग्रंथपालबाईंनी मला हात दिला. चढावर मुख्याध्यापिकांनी दिला. चित्रकलेच्या बाई, "अजून थोडंच हं," म्हणत होत्या, ते मी त्यांना म्हणायचं होतं.

बायको शेजारून चालत होती. मग म्हणाली, "मागच्या वर्षी माझा भाऊ हरवला होता."

"हो."

"पण त्याच्या पायात बूट होते."

मी पुढचा खडा चुकवला. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "मॅडमचे ते बूट पुढचं अंतर काढतील का? कापडी आहेत. दुसरा ओढा आहे." मला तिच्या आवाजात भीती ऐकू आली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिसरा थांबा दिसला तेव्हा मी मान खाली घातली होती. त्यामुळे ते मला सगळ्यात शेवटी दिसलं.

आमच्या गाडीसमोर वर्तमानपत्र अंथरलं होतं. त्यावर चार जोड कोरे बूट ओळीने मांडले होते, लेस सैल केलेल्या, प्रत्येकात एक गुंडाळलेला मोजा. बाजूला आमचे तीन जोड. शेजारी रबरी ट्रे, धुतलेला. आणि मेहुणा निळ्या टोपीवाल्यांबरोबर उभा राहून चहा पीत होता.

"भावोजी, आलात?" तो म्हणाला. "तुम्ही गेलात तेव्हा मी यांना फोन केला. हे दुसऱ्या थांब्यावरच होते अजून. ट्रे घेऊन आले गाडीतून. तुम्ही फोन गाडीतच ठेवून गेलात, नाहीतर बोलावलं असतं."

"केळ्यांचे उपकार होते," निळ्या टोपीवाल्यांपैकी एक म्हणाले. "आणि आमच्या मुलीचं ठरलं बरं का. मागच्या वर्षी यांनीच स्थळ सुचवलं होतं."

मी त्या माणसाशी हात मिळवला. मेहुण्याशीही मिळवला असता, पण त्याच्या हातात चहा होता, आणि तो त्याने मला दिला.

सासूबाई आपल्या घडीच्या खुर्चीत पुन्हा पिशव्यांत घातलेले पाय समोर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी मुख्याध्यापिकांच्या पायांत आपले बूट पाहिले.

"फुलं मळली," त्या म्हणाल्या.

"धुऊन देईन," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"मग घाला. तुम्हाला जास्त शोभतात. जावयाला नव्हते शोभत."

मुख्याध्यापिकांनी कोरे बूट पिशवीत भरून घेतले, दुसऱ्या ओढ्यात घालायला, आणि जांभळेच ठेवले. त्यांना जरा पाठ टेकायला हवी होती. खुर्च्या तिघींनी घेतल्या होत्या. चेअरमन गाडीचा मागचा दरवाजा उघडून उभे राहिले. मुख्याध्यापिका दाराशी थांबल्या आणि वाकून लेसला हात घालू लागल्या.

"राहू द्या," चेअरमन म्हणाले. "तशाच बसा."

त्या चिखलाच्या बुटांसह सायीच्या गादीवर पाय पसरून बसल्या. चेअरमननी तोंड फिरवलं आणि समोरच्या टेकडीकडे फार बारकाईने पाहू लागले.

पुढचं सगळं बातमीत सांगायचं तर एका वाक्यात मावतं. दुसऱ्या ओढ्यात उतरताना मुख्याध्यापिकांनी कोरे बूट घातले, पलीकडच्या काठावर पुन्हा जांभळे घातले, आणि सूर्य टेकडीच्या मागे जायच्या आत चौघी हात धरून कमानीखालून आल्या. बायको कमान ओलांडून दोन पावलं पुढे आली आणि उभी राहून नुसती हसत राहिली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "झालं," जणू तास संपला होता.

माझे पाय इतके सुजले होते की माझे स्वतःचे बूट मला चढेनात. मी कडेला मोज्यांवर उभा होतो. आमच्याच वर्तमानपत्राचा छायाचित्रकार तिथे होता. त्याने सगळ्यांना एका रांगेत उभं केलं: चौघी मधे, एका बाजूला मेहुणा आणि सासूबाई, दुसऱ्या बाजूला चेअरमन आणि अगदी टोकाला मी.

तो फोटो रविवारी माझ्याच पानावर आला. पान पाच, खाली उजवीकडे, जागा दोन स्तंभांची. रांग चार स्तंभांची होती. अशा वेळी काय ठेवायचं आणि काय कापायचं हे शिकवावं लागत नाही. शनिवारी रात्री कचेरीत मोज्यांवरच बसून मी दोन्ही बाजू कापल्या. चौघी राहिल्या, जांभळ्या बुटांसकट. खाली एका ओळीत त्यांचा संघ आणि शाळा.

त्या सकाळी बायको पेपर वाचत होती. चहा तिनेच केला होता. मी पाय उशीवर ठेवून बसलो होतो.

"छान आलाय," ती म्हणाली. मग फोटो डोळ्यांजवळ नेला. "हे कडेला काय आहे? पाय दिसतोय कुणाचा तरी. मोजा."

"हं."

"कापायचा राहिला?"

"नाही," मी म्हणालो. "ठेवला."

तिने पेपर खाली ठेवला, आत गेली आणि पाय शेकायला गरम पाण्याचं घमेलं घेऊन आली.